वैरागडे बाईंचा शब्द

‘हो जाएगा’ असं वैरागडे बाईंसमोर म्हणायची आमच्या ऑफिसात कोणाची छाती नव्हती. भिलाईत अख्खा दिवस याच दोन शब्दांवर चालतो. पंखा दुरुस्त व्हायचा असो, बदलीचा अर्ज पुढे सरकायचा असो की मुलीचं लग्न जमायचं असो, समोरचा मान हलवून ‘हो जाएगा’ म्हणतो आणि आपण समाधानाने घरी जातो. बाई जात नसत. त्या हातातलं पेन खाली ठेवत, चष्म्यावरून बघत आणि विचारत, “कौन करेगा? नाम बताइए.” नाव सांगितलं की पुढचा प्रश्न तयार, “उनको मालूम है?” बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याला काहीच मालूम नसे. मग बाई स्वतः उठून त्याला सांगायला जात, आणि त्या परत येईपर्यंत ‘हो जाएगा’वाला खुर्चीत चुळबुळत बसलेला असे.

परवा माझा पुतण्या पुण्याहून आला होता. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कारखान्यांमध्ये जाऊन सगळा कारभार एका कॉम्प्युटरवर आणून द्यायचा, हा त्यांचा धंदा. जेवताना सांगत होता की ही कामं बऱ्याचदा फसतात. का फसतात? तर म्हणे, कर्मचारी बदलाला विरोध करतात! माझा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांनी तेच वाक्य, आणि तेही माझ्याच ताटासमोर. मी म्हणालो, “बाबा रे, हे तू आमच्या वैरागडे बाईंसमोर बोलून दाखवायला पाहिजे होतं.” त्याने विचारलं, “कोण बाई?” म्हणून लिहायला बसलो आहे.

भिलाईत ‘प्लांट’ म्हटलं की एकच, सरकारी पोलाद कारखाना, आणि आम्ही त्यातले नव्हतो. आमची कंपनी खासगी, मोठ्या कारखान्यांना यंत्रांचे भाग ओतून आणि घडवून देणारी. फाउंड्री, फोर्ज, मशीन शॉप, स्टोअर आणि एका टोकाला एसी लावलेली कॉम्प्युटर रूम. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मध्य प्रदेश अजून एकच होता आणि भोपाळ आम्हाला परदेशाइतकं लांब वाटायचं. कॉम्प्युटर रूमच्या दाराशी चपला काढाव्या लागत, कारण आतल्या मशीनला धूळ चालत नसे. माणसांना थंडी चालते की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. भर मे महिन्यात बाई साडीवर नवऱ्याचा तपकिरी स्वेटर घालून बसायच्या आणि डबा खायला मात्र बाहेर पायरीवर, रणरणत्या उन्हात. “जरा ऊन खाऊन घेतो,” म्हणायच्या. आमच्या विदर्भातल्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. बाई नागपूरच्या गणितातल्या एम.एस्सी., कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख, पण डबा उघडला की वर्ध्याजवळच्या आपल्या गावच्या होऊन जात.

त्या नेहरू नगरात राहायच्या. हायवेवरून लूनावर यायच्या, पदर कमरेला खोचून, मागच्या ट्रकवाल्याने कितीही हॉर्न मारला तरी इंचभर बाजूला न होता. मी चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतला, वडील यार्डात नोकरीला. त्यामुळे बाईंनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी त्यांच्या हाताखाली प्रोग्रामर म्हणून लागलो, त्या दिवसापासून मी ‘रेल्वे’.

“ए रेल्वे, लेट कावून आला रे?”

“बाई, लोकल लेट होती.”

“मंग तिले घेऊन ये उद्या. तिलेच विचारतो.”

त्यांचा राग सगळ्या कंपनीला माहीत होता. तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. पण राग आला की त्या ओरडत नसत, समोरच्याला घेऊन चालायला लागत. जिथे गडबड आहे तिथे नेऊन उभं करत.

त्या वर्षी कंपनीने कलकत्त्याहून एक तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं. कोणत्या शॉपकडे काय माल आहे, कोणाला काय लागणार, काय मागवायचं, सगळं एका जागी दिसणार होतं. ते बसवायचं आणि चालवायचं काम बाईंचं. कलकत्त्याहून एक टाय लावलेला इंजिनिअर आला होता. बाईंनी त्याला विचारलं, एका शॉपने दुसऱ्याला एखादा बेल्ट हातउसना दिला तर तो यात कुठे लिहायचा? तो हसून म्हणाला, “मैडम, ऐसा तो होना ही नहीं चाहिए. माल स्टोर से निकलेगा, और बचा तो स्टोर में वापस जाएगा.”

बाईंनी पेन ठेवलं. मला कळलं की आता चालायचं. त्यांनी त्याला बूट घालायला लावले आणि सरळ फाउंड्रीत नेऊन भट्टीपासून थोड्या अंतरावर उभं केलं. टायसकट तो घामाने भिजला. काही वेळाने फोर्जमधला एक माणूस सायकलवरून आला. त्याच्या गळ्यात हारासारखा बेल्ट लटकत होता. त्याने तो बेल्ट फाउंड्रीच्या फिटरला दिला, माठातलं पाणी प्याला आणि निघून गेला. ना चिठ्ठी, ना सही.

“जो नहीं होना चाहिए, वो साइकिल पे आया,” बाई म्हणाल्या. “अब उसके लिए स्क्रीन बनाइए.”

स्क्रीन झाली. तिचं नाव बाईंनी ‘हातउसनं’ असंच ठेवलं. पुढे बिहारपासून केरळपर्यंतची सगळी मंडळी ‘हातुसना में डाल दो’ म्हणायला लागली. ते ऐकलं की बाईंना फार गंमत वाटायची.

पण खरी अडचण वेगळीच होती. छत्तीसगढी घरात धान साठवायची कोठी असते. आमच्या कारखान्यात प्रत्येक शॉपची अशी एक कोठी होती, फक्त तिच्यात धानाऐवजी बेअरिंग, बेल्ट आणि मोटारी असायच्या, आणि ती कोणाला दिसायची नाही. कोणी जुन्या साच्यांच्या ढिगामागे, कोणी केबिनच्या माळ्यावर, कोणी मोडक्या लेथ मशीनच्या पोटात लपवलेली. ही चोरी नव्हती. त्यातला एक नटही कोणी घरी नेला नसेल. खरेदीची फाइल टेबलामागून टेबल फिरत राहायची, महिने जायचे, आणि तोवर यंत्र बंद पडलं तर जाब फोरमनला विचारला जायचा. म्हणून स्टोअरमधून मिळेल तेव्हा दोन जास्त उचलायचे, ‘वापरले’ म्हणून दाखवायचे आणि कोठीत टाकायचे. सगळ्यांना माहीत होतं आणि कागदावर कोणालाच माहीत नव्हतं.

“कोठी आत नाही आली तं हे सगळं खेळणं आहे, रेल्वे,” बाई म्हणाल्या. “स्क्रीन म्हणेल बेअरिंग नाही, आन् बेअरिंग तं फाउंड्रीत झोपून राहिलं असेल.”

त्या जनरल मॅनेजर हरदास साहेबांकडे गेल्या. हरदास नागपूरचे, गोड बोलणारे, गणपतीत सगळ्या मराठी मंडळींना घरी जेवायला बोलावणारे. बाईंनी अट घातली. जो आपली कोठी उघडेल त्याला कोणी काही विचारायचं नाही, आणि त्याचा माल त्याच्याच शॉपमध्ये राहील. साहेबांनी मान डोलावली.

“हे कोण पाहील, साहेब?” बाईंनी विचारलं.

“मी पाहीन, बाई. हरदास पाहील. झालं समाधान?”

झालं. बाईंना नाव मिळालं होतं. त्या खाली उतरल्या आणि शॉपशॉपमध्ये फिरायला लागल्या.

सगळ्यांची नजर साहूंवर होती. साहू फाउंड्रीचे फोरमन, राहायला खुर्सीपारला, अबोल माणूस. त्यांनी उघडलं तर बाकीचे उघडणार. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मैडम, बाद में कोई पूछा तो?”

“मेरा नाम लेना. बोलना, वैरागडे ने ज़बान दी थी.”

साहूंनी पोरांना खूण केली. साच्यांच्या पेट्यांचा ढीग बाजूला झाला, आणि मागे लाकडी फळ्यांवर एकेक बेअरिंग तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलेलं. इतकं नीटनेटकं स्टोअर मी आजवर पाहिलेलं नाही. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “साहू जी, स्टोर का साहब तो आपको बनाना चाहिए था!” साहू हसले. त्यांना हसताना मी तरी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

आठवड्याभरात सगळ्या कोठ्या उघडल्या. आणि मी शपथेवर सांगतो, ते सॉफ्टवेअर चाललं. झकास चाललं. जन्मात कधी कीबोर्डला हात न लावलेले फिटर एका बोटाने अक्षरं शोधत बसायचे. फोर्जला मोटार लागली की स्क्रीनवर दिसायचं, मशीन शॉपकडे आहे, आणि सायकल निघायची. जे आधीच पडून होतं ते पुन्हा मागवणं बंद झालं. कोणी विरोध केला नाही की कुरकुर केली नाही. पुतण्या, हे नीट वाच.

मग कंपनीत नवे वित्तप्रमुख आले. त्यांच्या टेबलावर आमच्या मशीनने छापलेल्या यादीचा जाड गठ्ठा पडला. शॉपमध्ये किती माल पडून आहे, हे ऑफिसला पहिल्यांदाच दिसत होतं. वित्तप्रमुख खूश झाले. मशीनने चोर पकडले, असं त्यांना वाटलं असावं. हुकूम निघाला की सगळा ‘जास्तीचा’ माल तातडीने मुख्य स्टोअरमध्ये जमा करा, आणि तो का लपवला होता याचा खुलासा प्रत्येक फोरमनने लेखी द्यावा. ट्रॉल्या आल्या. साहूंच्या फळ्या एका दुपारी रिकाम्या झाल्या.

बाई धावत हरदास साहेबांकडे गेल्या. मीही मागोमाग गेलो आणि दाराशी थांबलो.

“वरून आलंय, बाई. माझ्या हातात काही नाही,” साहेब म्हणाले.

“साहेब, तुमच्या भरवशावर मी माझं नाव देऊन आली होती तिथं. आता त्यांले काय सांगू?”

“समजून घ्या जरा. एवढं मनाला लावून घेऊ नका.”

“मले नका समजावू. खाली चला आन् त्यांले समजावा.”

साहेब खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशी साहू आमच्याकडे आले. कॉम्प्युटर रूमचं दार उघडून भट्टीतल्या बुटांनिशी ते आत शिरले. त्यांना थांबवायला कोणी पुढे झालं नाही. पांढऱ्या फरशीवर काळे ठसे उमटवत ते बाईंच्या टेबलाशी आले आणि खुलाशाची नोटीस त्यांच्या कीबोर्डवर ठेवली. “आपका मशीन बहुत बढ़िया चलता है, मैडम,” इतकंच बोलले आणि गेले. त्या वर्षी त्यांची ठरलेली बढती अडकली. त्यानंतर ते बाईंशी बोलले नाहीत. बाई समोरून आल्या तर रस्ता बदलायचे. बाईंनी ती फरशी त्या दिवशी पुसू दिली नाही.

पुढच्या महिन्यात प्रत्येक शॉपच्या स्क्रीनवर शून्य दिसायला लागलं. बेअरिंग शून्य, बेल्ट शून्य, मोटारी शून्य. नव्या कोठ्या झाल्या, आधीपेक्षा खोल. ‘हातउसनं’ची स्क्रीन कोरी आणि सायकलींच्या फेऱ्या पूर्वीसारख्या. मशीन ठणठणीत होतं, प्रोग्राम ठणठणीत होता. त्याला खरं सांगणारं मात्र कोणी उरलं नव्हतं. आणि एवढं झाल्यावर आमच्या साहेबलोकांनी, सॉफ्टवेअर का फसलं हे शोधायला कमिटी नेमली! आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

कमिटीचा अहवाल आधीच टाइप झालेला होता. कारण काय, तर शॉपमधल्या कर्मचाऱ्यांचा असहकार आणि प्रशिक्षणाचा अभाव. त्यावर विभागप्रमुख म्हणून बाईंची सही हवी होती. हरदास साहेब स्वतः कागद घेऊन आमच्याकडे आले, दाराशी बूट काढून, मोज्यांवर.

“सही करून टाका, बाई. कोण वाचणार आहे हे?”

“कोणी वाचणार नाही, तरी त्याच्यावर माझं नाव राहते ना.”

“तुमचं मॅनेजरचं प्रमोशन या फायलीबरोबरच आहे. मी स्वतः शिफारस केलीय. कशाला अडवता?”

“साहेब, असहकार कोणी केला? त्या लोकायनं कोठ्या उघडून देल्या. खरं सांगितलं म्हणून त्यांले नोटिसा भेटल्या. हे लिहा याच्यात. आत्ता सही करतो.”

“असं लिहिता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.”

“मले लिहिता येते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी खरंच लिहिलं. अहवालाच्या खाली, सहीच्या जागी, आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं की शॉपच्या लोकांनी पूर्ण सहकार्य केलं, त्यांना मी दिलेला शब्द व्यवस्थापनाने मोडला, आणि हे सॉफ्टवेअर त्यामुळे फसलं. मग खाली पूर्ण नाव घातलं आणि कागद साहेबांच्या हातात दिला. साहेब मोज्यांवर तसेच उभे राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही.

बाईंना कॉम्प्युटर विभागातून काढून वाहन विभागात टाकलं. कामगारांच्या बसेस आणि साहेबांच्या गाड्या बघायच्या. जाण्याआधी त्या प्रत्येक शॉपमध्ये गेल्या. प्रत्येक फोरमनसमोर उभं राहून त्यांनी एकच सांगितलं, “मैंने ज़बान दी थी. निभी नहीं. गलती आपकी नहीं थी, ये मैंने ऊपर लिख के दिया है.” कोणी म्हणालं, जाने दीजिए मैडम. कोणी चहा मागवला. साहूंनी भट्टीकडची नजर काढली नाही. बाईंनी त्यांच्या पाठीला उद्देशून तेवढंच सांगितलं, तितक्याच स्पष्टपणे, आणि वळल्या. बाहेर आल्यावर पदराने चेहरा पुसला.

“रडून नाही राहिली मी, रेल्वे. मले राग आला की डोळ्यात पाणी येते.”

वाहन विभागात त्या वाकल्या असतील असं कोणाला वाटत असेल, तर त्याने बाईंना ओळखलंच नाही. बस वेळेवर सुटायला लागल्या. वित्तप्रमुखांनी रविवारी मेव्हण्याला स्टेशनवर सोडायला गाडी मागवली, तेव्हा बाईंनी ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला की मेव्हणे कंपनीत कोणत्या पदावर आहेत तेवढं कळवावं. मी मधूनमधून त्यांच्या शेडमध्ये डबा खायला जायचो. “इथं बरं आहे,” म्हणायच्या. “बस उभी आहे का चालून राहिली, आपल्या डोळ्यानं दिसते.” पण कॉम्प्युटर रूमच्या बाजूला त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि फाउंड्रीचं नाव निघालं की डब्याचं झाकण लावून टाकायच्या.

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते नव्वदीच्या मध्यात, त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना. कंपनी पुन्हा नवं सॉफ्टवेअर आणत होती, आधीच्यापेक्षा मोठं आणि परदेशी नावाचं. ट्रेनिंग हॉलमध्ये सगळ्या विभागांना बोलावलं होतं. मंचावर हरदास साहेब, आता डायरेक्टर झालेले. पडद्यावर प्रोजेक्टर. मुंबईहून आलेला सल्लागार एकेक तक्ता दाखवत होता. तो म्हणाला, “सबसे पहले हर शॉप अपना असली स्टॉक डिक्लेअर करेगा.”

दुसऱ्या रांगेतून बाई उठल्या.

“पिछली बार जिन्होंने असली बताया, उनको नोटिस मिला था. इस बार क्या मिलेगा?”

सल्लागाराने मंचाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मैडम, ये पॉलिसी का सवाल है. सेशन के बाद देख लेंगे.”

“बाद में नहीं. सब लोग यहीं बैठे हैं.”

“वैरागडे बाई,” हरदास साहेब मराठीत, हळूच म्हणाले, “बसा ना. आपण नंतर बोलू.”

“आत्ताच बोला, साहेब. सगळ्यायसमोर बोला. मी उभी आहे.”

प्रोजेक्टरचा झोत त्यांच्या पांढऱ्या झालेल्या केसांवर पडला होता आणि पडद्यावरचा अर्धा तक्ता त्यांच्या सावलीने झाकला होता. सल्लागाराने त्यांना जरा बाजूला व्हायची विनंती केली. बाई हलल्या नाहीत. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. लोक खाली बघायला लागले. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो, तिथून मला बाईंची पाठ दिसत होती. ती ताठ होती. पहिल्यांदाच मला वाटलं की आता या एकट्या पडणार.

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. साहू उठले होते. म्हातारे दिसत होते, एका गुडघ्यावर भार न देता चालत होते. रांगांमधून हळूहळू पुढे आले आणि बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. आता पडद्यावर दोन सावल्या होत्या.

“मैडम को जवाब दीजिए,” ते मंचाकडे बघून म्हणाले. “हमको भी सुनना है.”

कोणीतरी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली. दिवे लागले. मंचावरचे लोक कागद गोळा करायला लागले, पण खालचं कोणी जागचं उठलं नाही. बाईंनी मान न वळवता, हळू आवाजात म्हटलं, “साहू जी, घुटना दुख रहा होगा. बैठ जाइए.”

“आप बैठिए पहले,” साहू म्हणाले.

दोघंही बसले नाहीत.